चाटायची वीट

त्या विटेचा वास अजून कधीतरी नाकात येतो आणि हातातला चहा खाली ठेवावा लागतो. साखर कारखान्यातली मळी, युरिया, मीठ, चुना आणि कोंडा एकत्र दाबून केलेली ती वीट होती. रंगाने ती शेणाच्या गोवरीसारखी होती, पण तिला हात लावल्यावर गोवरी स्वच्छ वाटावी. पहिली वीट नमुना म्हणून शाळेत माझ्या टेबलावर आली तेव्हा तासाभरात इमारतीतल्या सगळ्या माशा तिच्यावर जमल्या. मी ती हजेरीपटाने झाकली, तर हजेरीपट चिकटला.

मी तेव्हा साखळी आणि शिरगाव यांच्या मधल्या एका गावात मिडल स्कूलला गणित आणि मराठी शिकवत होतो. गावात दूध संस्था निघाली तेव्हा तिचा सचिवही मीच झालो. आमच्याकडे ज्याचं अक्षर चांगलं त्याला सचिव करतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याला अध्यक्ष. अध्यक्षांचं किराणा मालाचं दुकान होतं, मागे गोदाम होतं, आणि सभेत माइक असला तरी ते माइकपासून दोन हात लांब उभे राहून बोलत.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. राज्याला राजभाषाही मिळाली होती, आणि तिच्यावरून अडवलेले रस्ते लोकांना चांगले आठवत होते. गावात अशी घरं होती की एक भाऊ कोंकणीचा, दुसरा मराठीचा, आणि दोघे भांडत ते मात्र आईच्या बोलीत, जी दोघांच्याही व्यासपीठावर कधी ऐकू आली नाही.

गाईंना यातलं काही नव्हतं. त्यांची अडचण गवताची होती. सकाळी म्हातारा राखणा सगळ्या वाड्यांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, गुरं गोळा करून डोंगरावर नेई. पण डोंगर आता निम्माच उरला होता. एका बाजूने खाणवाल्यांनी तो पोखरला होता आणि दुसऱ्या बाजूला खणलेली निकामी माती आणून ओतली होती. मधल्या पट्ट्यात गवत यायचं, पण त्यावर ट्रकांची लाल धूळ बसलेली असे. गाई ती धुळीसकट खात. संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांची तोंडं कुणी गेरूत बुडवल्यासारखी दिसत, आणि शेणही लाल पडे. धार काढायच्या आधी सड तीनदा धुवावे लागत. तिसऱ्या पाण्यालाही रंग असे.

म्हणून गाय घरी आली की तिला आंबोण लागे. आंबोण म्हणजे गाईची जेवणाची बादली. पेजेचं पाणी, कोंडा, पेंड, भिजवलेले कुळीथ, भाज्यांची सालं, फणसाच्या काढून टाकलेल्या चारखंडी, घरात जे असेल ते त्यात पडे. आमच्याकडे गाईला चरण्यापलीकडे जे काही द्यायचं ते आंबोणात घालून द्यायचं. औषधाची गोळीसुद्धा आंबोणातून जाते. ही गोष्ट इतकी साधी होती की ती कुणी कुणाला कधी सांगितली नव्हती.

दूध कमी झाल्याचं खाणवाल्या कंपनीच्याही लक्षात आलं, कारण त्यांच्या कँटीनला चहाला दूध पुरेना. मग एक योजना निघाली. कंपनी विटा देणार, पशुवैद्यकीय खातं मार्गदर्शन करणार आणि संस्था वाटप करणार. योजनेचं नाव ‘पूरक आहार’. मी सातवीला पूरक कोन शिकवत असे. दोन कोनांची बेरीज सरळ रेषा झाली पाहिजे, तर त्यांना पूरक म्हणायचं. इथे पहिला कोन, म्हणजे डोंगर, टिपरमध्ये भरून मांडवीच्या बार्जवर चालला होता, आणि ज्यांनी तो नेला तेच आता दुसरा कोन रंगीत कागदात गुंडाळून आणून देत होते. हे मी सभेत बोललो नाही. शिक्षकांच्या खोलीत बोललो, तेव्हा सगळे हसले, आणि मला आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं.

खात्याकडून विटेबरोबर एक इंग्रजी कागद आला होता. त्याचं लोकांच्या भाषेत पत्रक करायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं. कागदात महत्त्वाचं वाक्य एकच होतं. मी ते असं उतरवलं: ‘ही वीट गाईला फक्त चाटण्यासाठी द्यावी; फोडून किंवा पाण्यात विरघळवून देऊ नये.’ संस्थेच्या कमिटीत ते वाचून दाखवलं.

कमिटीत दोन माणसं बोलणारी होती. एक निवृत्त हेडमास्तर, मराठीचे. दुसरा बँकेतला तरुण कारकून, कोंकणीचा.

कारकून म्हणाला, “चाटण्यासाठी? चाटण वैद्य देतो, खोकल्याला. आमची गाय लेंवता. ‘लेंवपाची वीट’ म्हणा, सरळ.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला. “लेंवता म्हटलं तर रत्नागिरीच्या माणसाला काय कळणार?”

“रत्नागिरीची गाय येणार आहे ही वीट खायला?”

“प्रश्न गाईचा नाही.”

“तेंच सांगतां हांव. तुमका गाय कोणाक पडल्या?”

एवढं झाल्यावर चर्चा रंगली. राजभाषा कोणती, सहभाषा कोणती, शाळा कुणाच्या, देवळातल्या आरत्या कुणाच्या, असं करत ती विटेपासून बरीच दूर गेली. अध्यक्षांना फक्त इतकंच हवं होतं की पत्रकावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो पुसट येऊ नये. उंडे पाव आणि पातळ भाजी आली, ती खाऊन पुन्हा भांडण सुरू झालं. शेवटी मीच तोडगा काढला. चाटणं नको आणि लेंवपही नको. क्रियापदावरून वाद आहे ना, मग ते वाक्यच काढू. त्याऐवजी लिहू: ‘पूरक आहार म्हणून दररोज द्यावी.’ पूरक आणि आहार हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांना चालणारे. मराठीचा माणूस त्यांना मराठी म्हणणार, कोंकणीचा कोंकणी म्हणणार, आणि गाईला दोन्ही सारखेच.

“मास्तरांनी वाचवलं,” अध्यक्ष म्हणाले. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कारकुनाने टाळी दिली.

वाक्य काढताना माझ्या मनात काही आलं नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आलं होतं. पण वाटलं, वाटप करताना तोंडी सांगूच.

आता त्या बाईबद्दल सांगायला हवं. ती गोव्याच्या हद्दीबाहेरची, बांद्याच्या पलीकडची. नवरा खाणीवर टिपर चालवायचा आणि दोघं अध्यक्षांच्या गोदामामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. पहिली दोन वर्षं गावात तिला ‘ड्रायव्हराची बायल’ यापलीकडे ओळख नव्हती. विहिरीवर बायका तिच्यासाठी जागा करत, पण बोलत नसत. मग तिच्या माहेरच्यांनी एक संकरित कालवड टेंपोतून आणून दिली. काळी-पांढरी, कपाळावर चांदणी. कालवड व्याली, दूध दोन्ही वेळ भरपूर निघू लागलं, आणि संस्थेच्या पहिल्या सभासद बायकांत हिचं नाव लागलं. त्यानंतर वाड्यावरच्या बायका वासराला काय द्यायचं, सड फुटले तर काय लावायचं, हे विचारायला तिच्याकडे जाऊ लागल्या. ड्रायव्हराची बायल आता गायवाली झाली.

एकदा दूध मोजताना ती मला म्हणाली होती, “मास्तरानु, ही आसा म्हणान मी हंय ऱ्हवलंय. नायतर कधीच गावाक गेलंय असतंय. ह्या धुळीत माझा दुसरा कोण आसा?”

नवरा आहे की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण नवरा पहाटे टिपर घेऊन निघायचा आणि ट्रिपा संपल्यावर ताडीच्या दुकानातून उशिरा परतायचा, हे गावाला ठाऊक होतं.

वाटपाचा समारंभ एका रविवारी सकाळी झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, कमान, लाउडस्पीकर. कमानीवर कापडी फलक, त्यावर स्वागताच्या दोन ओळी, एक मराठीत आणि एक कोंकणीत, आणि दोन्हींच्या अक्षरांची उंची सारखी असावी म्हणून कारकून आणि हेडमास्तर यांनी आदल्या दिवशी पट्टी लावून मोजलेली. विटा लाल-हिरव्या कागदात गुंडाळून त्यांना रिबिनी बांधल्या होत्या. उन्हाने मळी पाझरून कागदावर तेलकट डाग पडले होते. त्या ढिगाभोवती घोंगावणाऱ्या माशा माइकमधूनही ऐकू येत.

प्रमुख पाहुणे म्हणजे खाणीचे मोठे साहेब. ते आले, गाडीतून उतरण्याआधी त्यांच्या माणसाने पायाखालची जागा रुमालाने झटकली. लाल धूळ होती. ती कुठून आली असेल याचा कुणी विचार केला नाही. भाषणात ते म्हणाले की नव्या राज्यात आता दुधाच्या नद्या वाहतील. गावची नदी तेव्हा लालच वाहत होती, ते त्यांच्या गाडीच्या खिडकीतून दिसलं असणार.

मग फोटो. फोटोसाठी एक देखणी गाय हवी होती, म्हणून त्या बाईचीच गाय आणली होती. तिने ती चार वेळा धुतली होती आणि स्वतः नवं लुगडं नेसून दोरी धरून उभी होती. साहेबांनी रिबिनीची वीट हातात घेतली आणि गाईच्या तोंडासमोर धरली. गाईने वास घेतला, कागदाचा फाटका कोपरा शोधला आणि लांब, राखाडी, खरखरीत जीभ बाहेर काढून वीट चाटली. अगदी बरोबर, खात्याच्या कागदात लिहिलं होतं तशी. तीन-चारशे माणसांसमोर जे दाखवायचं होतं ते ती गाय आपण होऊन दाखवत होती.

साहेबांच्या बोटांना लाळ लागली. त्यांनी झटकन हात मागे घेतला आणि तोंड वाकडं केलं. फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, परत एकदा, वीट जरा वर. कागदावरचं नाव दिसलं पाहिजे.” मग साहेबांनी वीट छातीशी ढालीसारखी धरली. गाय मान वर करून पाहत राहिली. तो फोटो छापला गेला. त्यात गाईची फक्त शिंगं आली आहेत.

सांगायची माझी वेळ यानंतर होती. मी माइकजवळ गेलोही. पण अध्यक्षांनी माझ्या हातात लाभार्थींची यादी दिली आणि कानात सांगितलं, “नावं भरभर वाचा, साहेबांना पणजीला जायचं आहे.” मी नावं भरभर वाचली. प्रत्येकाला एक वीट, एक पत्रक. काहींनी वीट डोक्याला लावून घेतली. एका म्हातारीने ती घरी जाऊन देवाजवळ ठेवली, हे मला नंतर कळलं. विटेच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित जागा तीच होती.

त्या बाईने संध्याकाळी पत्रक नीट वाचलं. तिला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकलेली. पूरक आहार म्हणून दररोज द्यावी. वीट दगडासारखी टणक. ती कशी द्यायची? जशी सगळं देतात तशी. तिने वरवंट्याने निम्मी वीट फोडली, तुकडे पाण्यात भिजत घातले, आणि सोमवारी सकाळी धार काढल्यावर त्यात पेज आणि कोंडा कालवून गाईसमोर बादली ठेवली. गोड वासामुळे गाय तळ चाटेपर्यंत प्यायली.

मी केंद्रावर दूध मोजत होतो. ती धावत आली, पदर खोचलेला, पाय उघडे.

“मास्तरानु, चला. गाय थरथरता. फेस इलोहा तोंडाक.”

मी गेलो. गाय अजून उभी होती, पण उभं राहणं तिच्या हातात उरलं नव्हतं. कातडी जागोजागी उडत होती, कान फडफडत होते, तोंडातून दोऱ्यासारखी लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती. डावं पोट ढोलासारखं फुगलेलं. ती कण्हत होती, माणसासारखी. मग मागचे पाय दुमडले आणि ती बसली नाही, पडली. बादली शेजारीच होती. मी वाकून वास घेतला आणि मला सगळं कळलं. कळायला पत्रक वाचावं लागलं नाही, मीच लिहिलं होतं.

जवळचा फोन खाणीच्या वजनकाट्यावर होता. तिथल्या माणसाने विचारलं, “फोन खासगी कामाक? साहेबांची परवानगी आसा?”

मी म्हणालो, “साहेबांच्या विटेनं गाय पडली आहे. परवानगी त्यांच्याकडून आधीच मिळाली असं समजा.”

त्याने फोन पुढे सरकवला. डिचोलीच्या पशुवैद्यांनी फोनवर तीन प्रश्न विचारले. पाण्यात दिली काय? किती वेळ झाला? गावात विनागर मिळेल काय? “मिळेल तेवढं विनागर, त्याच्या दुप्पट-तिप्पट थंड पाणी, सावकाश पाजा. ठसका लागू देऊ नका. मी निघालो.”

विनागर म्हणजे व्हिनेगर, माडाच्या सुरेचा आंबट शिरका. हिंदूंच्या घरात ते सहसा नसतं. गावात ख्रिस्ती घर एकच, वाड्याच्या टोकाला पोदेराचं. पोदेर पाव विकायला सायकलवरून गेला होता. त्याच्या बायकोने दार उघडलं, माझा अवतार पाहिला. शर्टावर गाईचा फेस होता.

“कितें जालें, मास्तर?”

सांगितलं.

“कितलें जाय?”

“असेल तेवढं.”

ती आत गेली आणि कळशीएवढी काचेची बाटली कडेवर घेऊन आली. “सगळें व्हर. येता त्या आयतारा सोरपोतेल ना, इतलेंच.” त्यांचं डुकराचं सोरपोतेल विनागरशिवाय होत नाही. मग बाटली माझ्या हातात न देता स्वतःच उचलून माझ्यापुढे चालू लागली.

गोठ्याशी माणसं जमली होती. निवृत्त हेडमास्तर छत्री घेऊन कुंपणाशी उभे होते. बाटली पाहून ते म्हणाले, “गाईच्या मुखात सुरेचं पाणी? काही विचार करा.”

ती बाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मान वर न करताच म्हणाली, “मगे काय पाजू, आजोबानु? भाषण?”

कुणीतरी हसलं. हेडमास्तर छत्री मिटून उन्हात उभे राहिले.

पोदेराच्या बायकोने सोड्याच्या बाटलीत विनागर आणि पाणी मिसळलं. मी गाईचा जबडा धरला. ओठांच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, गिळायला वेळ देत, तिने ओतलं. निम्मं आत गेलं, निम्मं आमच्या अंगावर. आंबट वास, मळीचा गोड वास, शेण, फेस, आणि मधूनच गाईच्या श्वासातून येणारा तो मुतारीसारखा झणझणीत वास. मला दोनदा उमासा आला. तिसऱ्यांदा मी बाजूला होऊन ओकलो आणि परत येऊन जबडा धरला. त्या बाईचा हात गाईच्या कानावरून एकदाही उठला नाही. ती काही तरी पुटपुटत होती. देवाचं असेल असं मला वाटलं. ऐकलं तर ती गाईला शिव्या देत होती. “मरशात तर बघ. मरशात तर बघ हां तू. मेले, सगळा पिऊक कोणी सांगलेला तुका?”

पशुवैद्य स्कूटरवरून आले तेव्हा बाटली संपत आली होती. त्यांनी नळी घालून पोटातला वायू सोडला. जो वास आला त्याने कुंपणाशी जमलेली सगळी मंडळी दहा पावलं मागे सरली. आणखी विनागर, आणखी पाणी. ऊन वर चढलं. मग कातडीचं उडणं हळूहळू थांबलं. गाईने मान उचलली, ती पडली, पुन्हा उचलली. दुपार व्हायच्या आत ती पुढचे गुडघे टेकून, दोनदा घसरून, उभी राहिली आणि सगळ्यात आधी मुतली. पशुवैद्यांना आनंद झाला. पोदेराची बायको रिकामी बाटली कडेवर घेऊन, कुणाशी न बोलता, घरी गेली.

पशुवैद्यांनी हात धुतले आणि पत्रक मागितलं. दोन्ही बाजू वाचल्या. “जिभेनं चाटलं तर दिवसभरात थोडं थोडं पोटात जातं, ते पचतं. पाण्यातून युरिया एकदम गेला की विष. चाटायला द्या हे कुठे लिहिलं आहे ह्यात?”

“नाही लिहिलेलं.”

“कुणी केलं हे?”

“कमिटीने,” मी म्हणालो. हा शब्द बोलायला मला काहीच वेळ लागला नाही, याची घाण मला अजून वाटते.

पण त्यानंतर घरोघर जायला मीच निघालो, कारण राहिलेल्या विटा घरोघर होत्या. प्रत्येक दारात मी एकच सांगितलं: आंबोणात घालू नका, गोठ्यात दाव्यापाशी ठेवा, गाय चाटील. कुणी म्हणालं चाटूक, कुणी म्हणालं लेंवूक. एकानेही विचारलं नाही की मी कुठल्या भाषेत बोलतोय. दोन घरांत वीट भिजत घातलेली होती, संध्याकाळच्या आंबोणासाठी. ती मी ओतायला लावली. एका घरी बादली फुकट गेल्याबद्दल मला ऐकून घ्यावं लागलं.

गाय वाचली, पण दूध आटलं. दहाबारा दिवस वासरालाही पुरेना. आणि गावात बोलणं सुरू झालं. ड्रायव्हराच्या बायलेनं स्वतःच्या गाईला वीख घातलं. तिच्या घरी विचारायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. विहिरीवर पुन्हा फक्त जागा होऊ लागली. दूध परत येईल की नाही याची तिला काळजी होतीच. पण लोक आपल्याला पुन्हा गायवाली म्हणतील की नाही, ही काळजी जास्त होती. तिने तसं म्हटलं नाही, पण केंद्रावर येणं तिने बंद केलं होतं.

मग खात्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं. कमिटी बसली. अध्यक्षांनी मार्ग सुचवला: लाभार्थीचा जबाब घ्यायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून तोही मीच लिहिला. ‘मी अज्ञानामुळे व सूचनांविरुद्ध पूरक आहार आंबोणात मिसळून दिला. योजनेबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ भाषा निर्दोष होती. हेडमास्तरांना चुकलेला स्वल्पविराम सापडला नाही आणि कारकुनाला अडवायला शब्द सापडला नाही.

मी तो घेऊन तिच्याकडे गेलो. ती गाईसमोर गवताची पेंडी सोडत होती. काडी काडी पदराने पुसून. माझ्या हातातला कागद तिने घेतला, बोट ठेवून वाचला.

“सूचनांविरुद्ध म्हणजे? खंयची सूचना?”



आत जाऊन तिने ट्रंकेतून पत्रक आणलं आणि माझ्यासमोर धरलं. साहेबांचा फोटो चांगला आला होता. “ह्यात दाखवा माका. खंय लिवलाहा? मी अज्ञानी, तर तुमी दाखवा.”

“नाही त्यात,” मी म्हणालो. “मी काढलं ते.”

“तुमी?”

“हो. शब्दावरून भांडण होतं.”

तिने पत्रकाची घडी करून ते कमरेला खोचलं. ओरडली असती तर सोपं झालं असतं. मग म्हणाली, “गाय वाचली, मास्तरानु. आता तुमचो कागद वाचवूक माका सांगा नुको.”

मी पेन खिशात घालणार, तर तिने ते मागून घेतलं. माझ्या दोन निर्दोष ओळी तिने खोडल्या नाहीत. त्यांच्या खाली, ठळक, शाळकरी अक्षरात लिहिलं: ‘गायीक ही वीट चाटूक देवची असता ह्या माका कोणी सांगूक नाय. पत्रकात पन नाय.’ आणि खाली पूर्ण सही, वडिलांच्या नावासकट, नवऱ्याच्या नव्हे.

कागद कमिटीत आला. अध्यक्षांनी विचारलं, “सहीच्या जागी अंगठा घेता आला नसता?”

“तिला लिहिता येतं.”

“मग अडचण आहे.”

हेडमास्तरांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, हे मराठी नव्हे. कारकुनाने वाचलं आणि म्हणाला, ही कोंकणी न्हय. दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. जबाब कुठल्याच भाषेत नसल्यामुळे तो पाठवता येणार नाही, असं ठरलं, आणि मी तसं इतिवृत्तात नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तो कागद घेऊन बसने डिचोलीला गेलो. मधल्या मोकळ्या जागेत मी एक ओळ वाढवली होती, की पत्रक मी लिहिलं आणि ते वाक्य मी काढलं. पशुवैद्यकीय खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने कागद घेतला, सुरुवातीच्या माझ्या ओळींवरून नजर फिरवली, खालच्या तिच्या ओळींशी थांबला. मी वाट पाहत होतो की तो भाषा विचारील.

“गाय आसा न्हय?” त्याने विचारलं.

“आहे.”

“आणि दूध?”

“येतंय. थोडं थोडं.”

त्याने शिक्का मारला आणि पोच दिली.